दुसरा गट

माझ्या धाकट्या जावेवर मी जळते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कुणाला ओळींच्या मागे शोधत बसायला नको. तिच्या साड्यांवर जळत नाही. स्वयंपाकावर तर नाहीच, तिची आमटी पाणचट असते हे आमच्या घरात सर्वांना मान्य आहे. तिच्या नवऱ्यावर जळण्याचा प्रश्नच नाही, तो माझा दीर आहे आणि मी त्याला पुरती ओळखून आहे. मी जळते ते लोकांचा तिच्यावर विश्वास आहे म्हणून. ती सांगते ते लोकांना खरं वाटतं. मी वीसेक वर्षं नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक आहे, ग्रामीण पान माझ्याकडे असतं, आणि मी दिलेलं लोकांना फक्त छापलेलं वाटतं.

उपसंपादक म्हणजे काय हे आमच्या नातेवाइकांना अजून समजलेलं नाही. तालुक्याचे वार्ताहर बातम्या पाठवतात, त्या नीट करायच्या, मथळे द्यायचे, पानात बसवायच्या. बातमीवर नाव वार्ताहराचं, किंवा ‘प्रतिनिधी’ असं मोघम. स्वयंपाक आपण करायचा आणि पंगतीत वाढायला दुसरंच कुणी. या नोकरीत मी खूश होते, म्हणजे जाऊ बातम्या सांगायला लागेपर्यंत होते.

आम्ही नाशिक रोडला राहतो. एकाच इमारतीत, पहिल्या मजल्यावर आम्ही, दुसऱ्यावर दीर-जाऊ. सासूबाई जेवायला माझ्याकडे आणि झोपायला तिच्याकडे. ही वाटणी सासूबाईंनीच केली. माझ्या हाताला चव आहे आणि तिच्या घरात वारा आहे, असं त्यांचं म्हणणं.

जाऊ घोटीची. तिच्या माहेरी भाताची गिरणी, त्यामुळे लहानपणापासून ओट्यावर शेतकरी बसलेले. कुणाशीही बोलायची तिला सवय. लॉकडाऊनमध्ये एसटी कुठली चालू, दवाखाना कुठला उघडा, हे ती माहेरच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात टाकायची. ते तिथून सिन्नरला गेलं, इगतपुरीला गेलं, कुठे कुठे गेलं. लॉकडाऊन उठला, हिचा आवाज काही थांबला नाही. रोज सकाळी भाजी फोडणीला टाकायच्या आधी ती फोनवर बोलते, चार-पाच मिनिटं. पाणी कधी येणार, टोमॅटोला भाव काय फुटला, कुठल्या गावात काय झालं. मागे कुकरची शिट्टीही ऐकू येते. काळ्या-पिवळ्या जीपचे ड्रायव्हर ते लावतात, डेअरीवर रांगेत उभी असलेली माणसं ऐकतात. सगळे तिला ताई म्हणतात. माझ्याच घरात मला ताई म्हणणारी बाई साऱ्या तालुक्याची ताई झाली.

तिची एक पद्धत आहे. बातमी ज्याच्याबद्दल असेल त्याला ती आधी फोनवर वाचून दाखवते. भांडण असेल तर दोन्हीकडच्यांना. “हे असं असं सांगणार आहे, यात काही चुकलंय का?” एवढंच विचारते. मग समोरचा काही चुकलं म्हणाला तर पुन्हा चौकशी करते, पण नुसतं नको म्हणाला तर ऐकत नाही. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हसले होते. आमच्याकडे कुणी असं केलं तर दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवतील. मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, “हो का ताई? मला कुणी शिकवलं नाही ना, म्हणून होत असेल.” आणि पुन्हा फोन लावला. तिच्या या गरीब स्वभावानं माझ्या अंगाचा जो तिळपापड होतो, तो शब्दांत मावणार नाही.

सिन्नरला एका लग्नात गेलो होतो. हळदीच्या मांडवात बायकांनी तिला गराडा घातला. कुणी म्हणे आमच्या रस्त्याचं सांगा, कुणी म्हणे आवाज अगदी असाच आहे हो. मी शेजारी पानसुपारीच्या ताटासारखी बसलेली. एका बाईंना माझी दया आली असावी. त्यांनी विचारलं, “तुम्ही काय करता?”

“मी पेपरात आहे,” मी म्हणाले.

“अगंबाई! सकाळी लवकर उठावं लागत असेल. गाडीवर टाकता का सायकलवर?”

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण माझं तर कुठंच विकत नव्हतं. सासूबाई रोज सकाळी फोन कानाला लावून धाकटीच्या बातम्या ऐकायच्या, त्याच वेळी मांडीवर माझं ग्रामीण पान पसरून त्यावर मेथी निवडायच्या. मी एकदा म्हणाले, “आई, वाचून तरी घ्या आधी.” त्या म्हणाल्या, “वाचते ना गं. मेथी निवडता निवडता मथळे दिसतातच की.”

हे सगळं चालू असताना सासूबाईंच्या माहेरच्या गावची गोष्ट घडली. गाव सिन्नर तालुक्यात, नाव नको. मधे ओढा, अलीकडे गावठाण, तिथे शेतकऱ्यांची घरं, सासूबाईंच्या भावाचंही. पलीकडे बौद्ध वस्ती. फार पूर्वी, माझ्या लग्नाच्याही आधी, विहिरीवरून गावात मोठं भांडण झालं होतं आणि वस्तीवर बहिष्कार पडला होता. दुकानात मीठ मिळेना, गिरणीत दळण घेईनात. मग ते मिटलं. गावठाणात कुणालाही विचारा, ‘ते मिटलं’ असंच सांगतात. मिटलं म्हणजे त्यावर बोलायचं नाही असं ठरलं. कोण चुकलं विचारलं तर उत्तर ठरलेलं, दोन्हीकडून चुकलं.

त्या गावात मारुतीच्या देवळावर ग्रामपंचायतीचा स्पीकर आहे, माईक पंचायतीच्या खोलीत. रेशन आलं, लसीचा डॉक्टर आला, कुणाची शेळी हरवली, सगळं त्यावर सांगतात. आणि गावात कुणी गेलं की तेही सांगतात. अमुक यांचं दुःखद निधन झालं, अंत्यविधी इतक्या वाजता. ते ऐकलं की दुकानदार फळी अर्धी खाली ओढतो, शेतातली माणसं पाय धुऊन निघतात. मी स्वतः पाहिलंय, फार चांगली रीत आहे. फक्त वस्तीतलं कुणी गेलं तर ते स्पीकरवर सांगत नाहीत. तसा ठराव वगैरे नाही. पद्धत नाही, एवढंच.

गेल्या वर्षी वस्तीतले एक म्हातारे गृहस्थ वारले. एसटीत कंडक्टर होते. गावातल्या प्रत्येक माणसाला त्यांनी कधी ना कधी तिकीट फाडून दिलेलं. त्यांचा मुलगा सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला आहे. तो सकाळी पंचायतीत गेला आणि बाबा गेल्याचं स्पीकरवर सांगा म्हणाला. तिथल्यांनी त्याला बसायला सांगितलं, विचारून सांगतो म्हणाले, आणि निघून गेले. तो बसून राहिला. कुणी येईना. शेवटी त्यानं उठून बटण दाबलं आणि स्वतःच दोन वाक्यं बोलला. तिसरं बोलायच्या आत चौघं आत आले. त्याचा उजवा हात मोडला. हाताला प्लास्टर घालून त्यानं बापाचे अंत्यसंस्कार केले.

आमच्या वार्ताहराची बातमी संध्याकाळी आली. ‘माईकच्या वापरावरून दोन गटांत हाणामारी. परस्परविरोधी तक्रारी दाखल. गावात तणावपूर्ण शांतता.’ मी काना-मात्रा बघितल्या आणि एका कॉलमात खाली लावून दिली.

इथे थोडं भांडायचंय मला. ‘दोन गटांत’ हे शब्द आम्ही आळसानं लिहीत नाही. नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं गेलं की अशा बातमीत जात लिहायची नाही, धर्म लिहायचा नाही, कुणी कुणाला मारलं ते लिहायचं नाही. दोन गट लिहायचं. शहर धुमसत असताना या दोन शब्दांनी किती घरं वाचली असतील, ते आम्हाला माहीत आहे. ज्यांना वाटतं आम्ही भित्रे, त्यांनी एकदा अशा दिवशी डेस्कवर बसून दाखवावं. तर मी ते दोन शब्द ठेवले, आणि त्यात काही वावगं केलं असं मला त्या दिवशी वाटलं नाही.

धाकटी मात्र दुसऱ्या दिवशी एसटीनं सिन्नरला गेली, तिथून जीपनं गावात. वस्तीत गेली, मुलाशी बोलली. गावठाणात गेली, सासूबाईंच्या भाच्याकडे चहा प्याली. हे आमचे मामेदीर. त्या चौघांतले एक तेच, हे तिला तिथे गेल्यावर समजलं. रात्री तिनं पद्धतीप्रमाणे बातमी आधी मुलाला वाचून दाखवली, मग मामेदिरांना. तिचा फोन स्पीकरवर होता आणि मी मुद्दाम वर गेले होते, ती तोंडावर आपटते का ते बघायला. मामेदीर सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “हां, बरोबर हाय. इचारल्याबिगर माईकला हात लावला, म्हणून चोपला. सांग की, त्यात काय एवढं.”

तो माणूस खोटं बोलला नाही, कारण त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. त्याच्या गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी भुवई उचलली नव्हती. आपल्या ओसरीवरचं बोलणं बाहेर कसं ऐकू येतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी तिनं सांगितलं. मला ते जवळजवळ पाठ आहे, कारण ते मी वाकडं तोंड करून बऱ्याचदा ऐकलं. “मंडळी, एका गावात एका मुलाचे वडील वारले. ते कंडक्टर होते. गावात सगळ्यांचं मरण स्पीकरवर सांगतात, ह्यांचं सांगेनात, म्हणून मुलानं स्वतः सांगितलं. चार जणांनी मिळून त्याला मारलं, हात मोडला. मारणाऱ्यांपैकी एक आमच्याच नात्यातले आहेत. मी त्यांना हे वाचून दाखवलं, ते बरोबर आहे म्हणाले.” पुढे लगेच कांद्याचा भाव.

आमच्या नात्यातले आहेत, हे सांगायची काय गरज होती? मी असते तर कापलं असतं. आणि नेमकं तेच लोकांच्या मनात बसलं. स्वतःच्या नात्यातल्या माणसाचं सांगते म्हणजे बाई खरी, असं जो तो म्हणायला लागला. वस्त्यावस्त्यांतून तिला फोन आले. गावठाणांतूनही आले. त्यात शिव्या होत्या, धमक्याही होत्या, पण खोटं सांगितलंस असं एकही म्हणाला नाही. दिराच्या सिन्नरच्या दुकानात ट्रॅक्टरचे सुटे भाग न्यायला येणारी गिऱ्हाइकं येईनाशी झाली. आणि मला, देवाशपथ सांगते, तिची काळजी वाटायच्या आधी मत्सर वाटला. माझ्या लिखाणानं आजवर कुणाचं गिऱ्हाईकसुद्धा तुटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मामेदीर संध्याकाळी आमच्याकडे आले. येताना गवार आणि कांद्याची पात घेऊन आले, म्हणजे भांडायला आलेले नव्हते. सासूबाईंच्या पाया पडले. दीर-जावेला खाली बोलावणं गेलं. माझा नवरा टीव्हीचा आवाज बारीक करून बसला, बंद मात्र केला नाही.

“आत्या, लय बोभाटा झाला,” मामेदीर म्हणाले. “पोरीचं जमत आलंय माझ्या. नाशकातले पावणे, शिकलेले. काल त्यांचा फोन, ते स्पीकरवालं प्रकरण तुमच्याच गावातलं का म्हणून. आता काय सांगू मी?”

“भाऊजी, मी तुम्हाला आधी वाचून दाखवलं होतं,” धाकटी म्हणाली.

“दावलं होतं. मला काय ठावं ते असं ऐकू येतंय म्हणून! मी म्हणलं गावातलीच गोष्ट, गावातलेच ऐकतील.” मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझी बातमी उघडून सासूबाईंपुढे धरली. “हे बघा. ह्या मोठ्या वहिनींनी कसं व्यवस्थित दिलंय. दोन गटांत हाणामारी. कुणाचं नाव नाय, गावाची बदनामी नाय. ह्याला म्हणतात शिकलेलं माणूस. बातमी अशी पाहिजे!”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी चष्मा लावून ती बातमी वाचली, पूर्ण वाचली, आणि म्हणाल्या, “चांगलं लिहिलंय गं.” लग्न होऊन आल्यापासून माझ्या लिहिण्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं चांगलं वाक्य. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चहा उकळेपर्यंत बरं वाटत होतं. मी ओट्यापाशी उभी होते आणि मनात म्हणत होते, बघ, आली ना शेवटी माझी पाळी.

मग चहा गाळताना ते वाक्य पुन्हा आठवलं, ह्याला म्हणतात शिकलेलं माणूस. हे म्हणणाऱ्याचेच हात त्या मुलावर पडले होते. इतकी वर्षं मी ज्या वाचकाची वाट पाहत होते तो हा निघाला. माझी बातमी त्याला आवडली होती, कारण ती त्याच्या सोयीची होती.

बाहेर सौदा ठरत होता. धाकटीनं उद्या सकाळी एवढंच म्हणायचं, माझी माहिती चुकीची होती, दोन गटांत वाद झाला होता, आता मिटलाय. पेपरातली ओळ वाचायची आणि विषय संपवायचा. दीर म्हणाला, “म्हणून टाक ना. दोन वाक्यं तर आहेत. दुकान तरी चालू दे.” सासूबाई म्हणाल्या, “माझं माहेर तोडू नको गं बाई या वयात.” त्या रडत होत्या. मला त्यांचं वाईट वाटलं. भाऊ गेल्यावर माहेर म्हणायला हा एक भाचाच उरला होता.

धाकटीनं आधी सासूबाईंना पाणी आणून दिलं. मग माझ्याकडे वळली.

“ताई, तुमच्या पेपरात आहे तर वाचते मी. पण मला लोक फोन करून विचारतात हो. तेवढं मला सांगून ठेवा. एका गटात हे भाऊजी आणि ते तिघं. दुसऱ्या गटात कोण कोण होतं?”

तिनं ते टोचून विचारलं नव्हतं. तिला टोमणा मारता येत नाही. हाही तिचा एक गुण, जो मला सहन होत नाही. ती खरोखरच विचारत होती, जाऊबाईंना ठाऊक असेल म्हणून.

माझ्याकडे उत्तरं होती. तक्रारी दोन्ही बाजूंनी दाखल आहेत, तपास चालू आहे, आपण निवाडा करणारे कोण. या वाक्यांवरच मी आजवर पगार घेतला. आणि खरं बोलले असते तर तिचाच विजय होत होता, तोही माझ्या तोंडून, माझ्याच दिवाणखान्यात, मी केलेला चहा पीत. तिला आणखी मोठं करायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. पण मामेदीर माझ्याकडे बघून हसत मान हलवत होते, आपल्याच माणसाकडे बघावं तसे. ते मला त्याहून सहन झालं नाही.

“एकटाच होता,” मी म्हणाले. “दुसऱ्या गटात एकटाच होता तो. आणि त्याचा बाप घरात मरून पडला होता.”

मामेदिरांनी कप खाली ठेवला. “वहिनी, तुम्ही पण?” एवढंच म्हणाले आणि चपला घालून निघाले. सासूबाई त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेल्या. परत आल्या त्या आम्हा दोघींकडेही न बघता आत जाऊन पडल्या. त्या रात्री त्या माझ्याकडे जेवल्या नाहीत, आणि धाकटीकडे झोपायलाही गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांच्या केबिनमध्ये गेले. म्हणाले, ती बातमी पुन्हा द्यायचीय.

“दिलीय ना आपण?”

“चुकीची दिलीय.”

“चुकीची नाही. सावध,” ते म्हणाले. माणूस वाईट नाही, पण पेपर चालवायचा असतो. आमचं बरंच झालं. शेवटी त्यांनी तोडगा काढला. बातमीवर माझं नाव टाकायचं. उद्या काही निघालं तर ते पेपरचं म्हणणं नाही, लिहिणाऱ्याचं आहे, असं म्हणता येईल. म्हणजे नाव मिळालं ते अंगावर ढकलायला सोयीचं म्हणून. मी तरीही घेतलं. धाकटीनं ज्या बातमीपायी धमक्या खाल्ल्या, त्याच बातमीपायी मला का मिळू नयेत?

मी गावात जाऊन आले, मुलाशी बोलले, पोलिसांशी बोलले, मामेदिरांना फोन केला, तो त्यांनी उचलला नाही. बातमी चार कॉलम आली. मथळ्याखाली माझं नाव. सकाळी दार उघडून मी जिन्यातच उभ्या उभ्या वाचली. वरून धाकटीचा आवाज येत होता. ती फोनवर बोलत होती, “मंडळी, आज माझं काही नाही. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी पेपरात लिहिलंय, ते वाचून दाखवते.” आणि तिनं माझी पूर्ण बातमी वाचली, अल्पविरामासकट.

झालं! दिवसभर तिलाच मेसेज. ताई, काय सांगितलंत. ताई, डोळ्यात पाणी आलं. खालच्या मजल्यावरच्या काकू मला जिन्यात अडवून म्हणाल्या, “तुमच्या जावेनं आज कमाल केली हो.” मी ऑफिसला पोचेपर्यंत कुणाला खाऊ का गिळू अशी झाले होते.

दुपारी डेस्कवर फोन आला. आजची बातमी लिहिणाऱ्या मॅडम पाहिजेत. मी खुर्चीत सरळ झाले. तो मुलगा बोलत होता. त्यानं आभार मानले, बातमी बरोबर आहे म्हणाला. नातेवाइकांचे फोन येतायत, सगळे हात कसा आहे विचारतायत. मी विचारलं, कसा आहे. बरा आहे म्हणाला.

“मॅडम, रागावू नका. ताईंनी सांगितलं, तुम्ही छापलं. मला मारलं ते आता सगळ्या जिल्ह्याला माहीत झालं. पण बाबा गेले हे अजून कुणी सांगितलंच नाही. तुमच्यात ‘त्याचे वडील’ आहे, ताईंच्यात ‘कंडक्टर होते’ आहे. त्यांचं नाव कुठंच नाही. मी तेवढंच सांगायला माईकवर गेलो होतो.”

मी पान उघडलं. चार कॉलम बातमीवर बोट फिरवत गेले. हाताचं हाड कुठे मोडलं ते होतं, कलमं होती, पोलीस काय म्हणाले ते होतं, ठळक अक्षरात मी होते. त्यांचं नाव नव्हतं. मी त्यांच्या घरी जाऊन बसले होते, हार घातलेल्या फोटोसमोर, आणि नाव विचारलं नव्हतं.

“सांगा,” मी म्हणाले, आणि लिहून घेतलं. नाव, वय, नोकरी, रविवारी वस्तीतल्या विहारात पुण्यानुमोदनाचा विधी. निधनवार्तेचा आमचा साचा ठरलेला आहे. यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडे असा परिवार आहे. पुढे अंत्ययात्रेची वेळ असते, त्याऐवजी रविवारची वेळ टाकली. मी ते त्याला फोनवरच वाचून दाखवलं. त्यानं नावातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि म्हणाला, बरोबर आहे. मग विचारलं, “ताईंना पण सांगाल का? त्यांचं लोक ऐकतात.”

“सांगते,” मी म्हणाले.

संध्याकाळी घरी गेले तर धाकटी माझ्याच ओट्यापाशी कोथिंबीर निवडत उभी होती, सासूबाईंची मनधरणी करायला आली होती. तिनं विचारलं, “ताई, आज ऑफिसात काय विशेष?”

त्या माणसाचं नाव तिलाही माहीत नव्हतं. त्यांच्या घरी जाऊन तिनंही विचारलं नव्हतं. आता ते एकट्या मला माहीत होतं. मी पर्स खुंटीला लावली, हात धुतले, आणि म्हणाले, “काही नाही.”

सांगणार होते तिला. पण सकाळी, पेपर आल्यावर.